एका प्रोग्रॅममधून दुसरा प्रोग्रॅम

टपाल देऊन शिपायाला बीडला जिल्हा परिषदेत पाठवले, तर तो पोच घेऊन परतेपर्यंत आपण ‘टपाल पोहोचले’ अशी नोंद करीत नाही. संगणकापाशी बसलो असता मी मात्र नेमके तेच केले.

निकालपत्रे भरणारा एक छोटा प्रोग्रॅम मी पायथॉनमध्ये लिहिला होता. त्याने स्वतःच लिबरऑफिस चालवून पीडीएफ करावी व ती पेनड्राइव्हवर टाकावी, असा बेत. त्यासाठी ‘पीओपन’ वापरले. ते दुसरा प्रोग्रॅम सुरू करून देते आणि न थांबता पुढच्या ओळीकडे वळते. नवी पीडीएफ अजून झालीच नव्हती. त्याच नावाची गतवर्षीची फाइल पेनड्राइव्हवर गेली, आणि पालक दारात उभे!

‘सबप्रोसेस’मधील ‘रन’ काम संपेपर्यंत थांबते. 2015 साली पायथॉनच्या 3.5 आवृत्तीत ते आले. (एक्सेलच्या व्हीबीएतील ‘शेल’ही थांबत नाही, हे ध्यानी असू द्यावे.) काम संपल्यावर एक आकडा परत येतो, शून्य म्हणजे सर्वसाधारणपणे ठीक. तरी आता मी जुनी फाइल आधी काढून टाकतो आणि नवी उघडून पाहिल्यावाचून कोणाच्या हाती देत नाही.