खवले मांजर : अभयदानाचा विस्मृत अधिकारी



तीर्थंकरांच्या लांछनांत वृषभ आहे, गज आहे. मृग, गेंडा, वराह, कूर्म, सर्प आणि सिंहही आहेत. या प्राण्यांची ओळख मुलांना मंदिरातच होते. खवले मांजराला हे भाग्य लाभलेले नाही. कोकणात व सह्याद्रीच्या उतारांवर त्याचा वास असूनही गावातल्या वृद्धांनीदेखील ते क्वचितच पाहिलेले असते. नावात मांजर असले तरी ते मार्जारकुळातील नव्हे.

अंगावर खवले असलेला हा एकमेव सस्तन प्राणी. माणसाची नखे व केस ज्या केराटिनचे, त्याचेच हे खवले. त्याला दात नाहीत. पुढच्या पंजांच्या लांब नखांनी वारूळ उकरायचे आणि चिकट, लांबलचक जिभेने मुंग्या व वाळवी टिपायची, हा त्याचा रात्रीचा उद्योग. दिवसा ते बिळात झोपते. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते व ते आईच्या शेपटीच्या मुळाशी बसून फिरते.

संकट येताच हा जीव पळत नाही, चावत नाही. अंगाचे वेटोळे करून निमूट पडून राहतो. बिबट्यालाही हा गोळा सहसा उलगडत नाही. माणूस मात्र तो सरळ उचलून पोत्यात घालतो! औषधी गुणांच्या भ्रामक समजुतीपायी खवल्यांची तस्करी होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. २०१६ साली जोहान्सबर्ग येथील साइट्स परिषदेत त्याच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले. २०२० मध्ये चीनने अधिकृत औषधसूचीतून खवले वगळले. तरीही शिकार थांबलेली नाही.

येथे एक शंका उपस्थित होते. जो जीव असंख्य त्रीन्द्रिय मुंग्या खातो, त्याला अभय देणे कितपत योग्य? तिर्यंच आपल्या स्वभावानुसार जगतो. व्रत माणसासाठी आहे, कारण विवेक त्याच्यापाशी आहे. वाळवीला आळा बसतो, हा व्यावहारिक लाभही सांगता येईल. परंतु उपयोग पाहून जीवाचे मोल ठरविणे जैन दृष्टीला मानवणारे नाही.

त्याहून अवघड प्रश्न जीवदयेच्या रूढ मार्गांचा आहे. कसायाकडून बकरा सोडवावा, तसे पकडलेले खवले मांजर पैसे देऊन सोडविण्याचा मोह दयाळू माणसाला होणे स्वाभाविक आहे. पण वन्यप्राणी विकत घेणे हा गुन्हा आहे, आणि दिलेला प्रत्येक रुपया पुढच्या शिकारीचे आमंत्रण ठरतो. पांजरपोळाचाही येथे उपयोग नाही. गाय चाऱ्यावर जगते. या प्राण्याचा आहार इतका विशिष्ट आहे की बंदिवासात तो जगविणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. त्याला हवा असतो न खणलेला, न जाळलेला डोंगरउतार, जिवंत वारुळे आणि रात्रीचा काळोख. रस्त्यासाठी टेकडी सपाट झाली, वणव्यात रान गेले की एकही घाव न घालता त्याचे घर उद्ध्वस्त होते.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकणातील गावोगावी खवले मांजराच्या रक्षणासाठी जागृती केली आहे. बागेत वा रस्त्यावर हा प्राणी आढळल्यास त्याला हात लावू नये, गर्दी करू नये, छायाचित्र काढून ठिकाण जाहीर करू नये. वाट मोकळी ठेवल्यास ते आपल्या वाटेने जाते. जखमी असल्यास किंवा कोणी ते विकावयास आणल्यास महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.