गोळीचं घड्याळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बुलडाणा जिल्ह्यात मी तीस वर्षांहून अधिक काळ परिचारिका म्हणून नोकरी केली. इंजेक्शनं दिली, जखमा बांधल्या, बाळंतपणं केली. आज मात्र मला माझ्या एका चुकीबद्दल बोलायचं आहे. कारण तीच चूक आजही अनेक घरांत आणि दवाखान्यांत होते.

गोष्ट २००३ सालची. मेहकरकडच्या एका खेड्यातले आजोबा आमच्या वॉर्डात तापासाठी भरती झाले होते. त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार होता. सोबत आजी होत्या आणि आजींच्या पदराच्या गाठीत गोळ्यांची पट्टी होती. पहाटे सहाच्या सुमारास त्या गाठ सोडायला लागल्या. मी म्हटलं, ‘आजी, इथं घरच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. दहाला आम्ही औषधं वाटतो, तेव्हा मिळेल.’ पट्टी मी कपाटात ठेवून दिली.

दहा वाजले. पण आजोबांच्या केसपेपरवर ती गोळी लिहिलेलीच नव्हती, म्हणून ती दिलीच गेली नाही. तोवर आजोबांना कूसही बदलता येईना. चहा तोंडातून ओघळला. मी म्हणाले, ‘आजोबा, असा हट्ट करू नका, जरा अंग हलवा.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, चेहऱ्यावरची रेषा मात्र हलली नाही. दुपारी उलटी झाली, म्हणून नेहमीचं उलटीचं इंजेक्शन दिलं गेलं. संध्याकाळपर्यंत माणूस लाकडासारखा ताठ झाला.

रात्रीच्या पाळीला आलेल्या तरुण डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, ‘यांची कंपवाताची गोळी शेवटची कधी दिली?’ मी गप्प. त्यांच्या सांगण्यावरून आजोबांना उठवून बसवलं आणि गोळी पाण्यात विरघळवून चमच्याचमच्याने दिली. रात्री उशिरा त्यांनी आपणहून पाय पोटाशी घेतले. मी माफी मागायला गेले, तेव्हा आजी म्हणाल्या, ‘शिस्टरबाई, त्याइचं घड्याळ त्या गोयीत हाये.’

आजींना घड्याळ वाचता येत नव्हतं. घरी त्या पहिली गोळी सकाळच्या पहिल्या एसटीचा आवाज आला की देत, दुसरी शाळेची घंटा झाली की, तिसरी गुरं परतली की. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, पण वेळ आजींना कळत होती.

ही वेळ एवढी महत्त्वाची का, ते थोडक्यात सांगते. मेंदूच्या एका लहानशा भागातल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हालचाल सुरळीत होते ती त्याच्यामुळे. कंपवातात या पेशी हळूहळू कमी होतात. हात थरथरतात, अंग ताठरतं, चाल मंदावते. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव त्याला मिळालं. नेमकं औषध सापडायला मात्र पुढे दीडशे वर्षं लागली. १९६० च्या दशकात लेव्होडोपा आलं. मेंदूत जाऊन त्याचं डोपामिन होतं. सोबतचं कार्बिडोपा त्याला वाटेतच खर्च होऊ देत नाही. आजार मुळातून जात नाही, पण माणूस हिंडता-फिरता राहतो.

या गोळीचा अंमल काही तासच टिकतो. आजार जुना झाला की तो आणखी आखूड होतो. तापाची गोळी तासभर उशिरा घेतली तर फारसं बिघडत नाही. इथं मात्र तेवढ्या उशिराने माणसाचं चालणं, गिळणं, बोलणं थांबू शकतं. आणि गोळी एकाएकी पूर्ण बंद केली तर कडक ताठरपणा आणि मोठा ताप येऊन जिवावर बेतू शकतं. इंग्लंडमध्ये रुग्णांच्या संघटनेने २००६ साली ‘गोळी वेळेवर द्या’ अशी मोहीमच सुरू केली. रुग्णालयात ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत ही गोळी मिळावी, असा मापदंड तिथं आता आहे.

आता घरच्यांसाठी. गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने द्यावी. आपल्या घट्ट वरणातली, पिठल्यातली, दुधातली प्रथिनं या औषधाच्या वाटेत येतात. म्हणून वरण बंद करायचं नाही, फक्त वेळ सांभाळायची. सुरुवातीला मळमळ होत असेल तर सोबत एखादं बिस्कीट चालतं. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर असावं. हळूहळू विरघळणारी गोळी कुटून देऊ नये. आपली गोळी कोणत्या प्रकारची आहे, ते विचारून घ्यावं.

आंघोळ, जेवण, फिरणं ही कामं गोळीचा अंमल असताना उरकावीत. लघवी किंवा घाम गडद दिसला तर घाबरू नये, तो औषधाचा रंग असू शकतो. उठताना रक्तदाब उतरून भोवळ येते. म्हणून आधी खाटेच्या काठावर बसवावं, पाय हलवायला सांगावं, मग आधार देऊन उभं करावं. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं की हा त्रास वाढतो, बद्धकोष्ठही वाढतं.

काही गोष्टी घरात बोलायला अवघड वाटतात, पण त्या डॉक्टरांना सांगायलाच हव्यात. ‘कोपऱ्यात कोणी बसलंय’ असं आजोबा म्हणू लागले, तर ते बाहेरचं काही नसतं. औषधाने किंवा आजाराने असे भास होतात. वाद घालू नका, दिवा लावा, धीर द्या. प्रॅमिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी बसल्याबसल्या झोप लागते. काहींना मटक्याचा, खरेदीचा अनावर नाद लागतो. तो स्वभावदोष समजून भांडू नये. ट्रायहेक्सिफेनिडिलने वयस्कर माणसाला गोंधळल्यासारखं होतं, लघवी अडकते.

गोळ्या संपेपर्यंत थांबू नका. खेड्यातल्या मेडिकलवर त्या मिळतीलच असं नाही. पंधरा दिवसांचा साठा घरात असावा. शेगावला दर्शनाला निघालात तर गोळ्या जवळच्या पिशवीत ठेवा, एसटीच्या टपावरच्या बोचक्यात नकोत. एकादशीलाही गोळी चुकवू नका. पाण्याबरोबर औषध घेतल्याने उपास मोडतो, असं मला तरी वाटत नाही.

खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, हे खरं आहे. १९३० च्या दशकात भारतीय संशोधकांनी ते त्यातून वेगळं केलं होतं. पण गोळ्या चालू असताना मनाने तिचं चूर्ण घेतलं तर मात्रा दुप्पट होऊ शकते. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. मात्रा कमी-जास्त करायची ती त्यांनीच.

दुसऱ्या कोणत्याही कारणाने दवाखान्यात गेलात, तरी पहिलं वाक्य हे बोला, ‘यांना कंपवात आहे.’ कारण उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरची प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन, रात्री बडबडणाऱ्याला देतात ते हॅलोपेरिडॉल, ही रोजच्या वापरातली औषधं डोपामिनचीच वाट अडवतात. आमच्या आजोबांना दिलेलं इंजेक्शन त्यांपैकीच होतं. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवणार असतील, तर घोटभर पाण्यासोबत ही गोळी देता येईल का, ते विचारा. वही ठेवा. गोळी कधी दिली, अंमल कधी आला, कधी उतरला, एवढंच लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या नातवंडाला सांगा. डॉक्टरांच्या पाच मिनिटांत ती वही फार उपयोगी पडते.

माझ्या परिचारिका भगिनींनाही एक सांगते. वॉर्डाची वेळ आपल्या सोयीची असते, कंपवाताच्या रुग्णाची वेळ त्याच्या शरीराची असते. नातेवाईक गोळी काढताना दिसले, तर पट्टी हिसकावून कपाटात ठेवण्याआधी केसपेपर बघा. तिथं ती गोळी नसेल तर त्याच क्षणी डॉक्टरांना विचारा.

आजोबा आठ-दहा दिवसांनी आजींच्या खांद्यावर हात ठेवून चालत घरी गेले. माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही. पण ‘हट्ट करू नका’ हे माझे शब्द मी विसरले नाही. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत, भरती झालेल्या कंपवाताच्या प्रत्येक रुग्णाच्या माणसांना मी नाव-गावाच्या आधी एकच प्रश्न विचारत आले, ‘घरी गोळी कधी देता?’ कोणी घड्याळातली वेळ सांगे, कोणी एसटीची. मी ती तशीच केसपेपरवर लिहून घेत असे.