विषाची मात्रा

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी उधना मागे टाकते, बारडोली, व्यारा, सोनगड अशी स्थानके घेत नवापूरला येते आणि तेथे एकाच स्थानकाचा एक भाग गुजरातेत व दुसरा महाराष्ट्रात असे कौतुक दाखवून पुढे नंदुरबारला पोहोचते. तापी खोऱ्यातील या लोहमार्गानेच खानदेशातील असंख्य मराठी कुटुंबे सुरतेस आली, गिरण्यांत आणि यंत्रमागांवर राबली, उधना-लिंबायतच्या वस्त्यांत स्थिरावली. नंदुरबार म्हटले की त्यांना मिरचीचा बाजार आठवतो, बेचाळीसच्या लढ्यातील बालहुतात्मा शिरीषकुमार आठवतो. त्याच गावी १९२५ साली जन्मलेल्या मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञाचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या ओठी येते. नवल असे, की ज्यांच्या शिरेत टॅक्सॉलची बाटली थेंब थेंब उतरत असते, त्या कर्करोगाच्या रुग्णांनाही हे औषध शोधणाऱ्या दोघांपैकी एक जण आपल्याच लोहमार्गावरील गावचा होता, हे ठाऊक नसते.

केमोथेरपी हा शब्द घरात उच्चारला जातो तो बहुधा दबक्या आवाजात. रोगाइतकीच, किंबहुना रोगाहूनही अधिक, भीती उपचाराची वाटते. ही भीती अगदीच निराधार आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही औषधे विषारी आहेत आणि त्यांचा उपयोगही त्या विषारीपणातच आहे. प्रश्न असतो तो मात्रेचा.

शस्त्रक्रियेने गाठ काढता येते, किरणांनी ती जाळता येते. परंतु हे दोन्ही उपाय जेथे गाठ दिसते तेथेच चालतात. तिच्यापासून सुटून शरीरभर विखुरलेल्या, कोणत्याही तपासणीत न सापडणाऱ्या पेशींचा पाठलाग करायचा तर औषधाला रक्तावाटेच जावे लागते. एकदा रक्तात शिरलेले औषध आपले-परके पाहत नाही. त्याला एवढेच कळते, की कोणती पेशी दुभंगण्याच्या तयारीत आहे. निरोगी शरीरात पेशी गरजेपुरत्या दुभंगतात व थांबतात. कर्कपेशीला थांबण्याची आज्ञा ऐकूच येत नाही. दुभंगत्या पेशीला त्या नाजूक क्षणी गाठणे, हेच केमोथेरपीतील बहुतेक औषधांचे काम.

या औषधांचा जन्म युद्धाच्या छायेत झाला. मस्टर्ड वायूने होरपळलेल्या सैनिकांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होतात, हे पहिल्या महायुद्धानंतर ध्यानात आले होते. १९४२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्या संशोधनातून त्याच कुळातील नायट्रोजन मस्टर्ड लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या एका रुग्णास देण्यात आले. गाठी विरघळल्या, आणि काही काळाने परत आल्या. युद्धकाळातील गुप्ततेमुळे ही हकीकत १९४६ पर्यंत जगापुढे आली नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना ॲमिनोप्टेरिन दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी १० मुलांचा रोग काही काळ हटला होता. हे औषध ज्या लेडर्ले प्रयोगशाळेतून आले, तेथील संशोधनाचे सूत्रधार होते भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. पेशीला नवे डीएनए घडविण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. ॲमिनोप्टेरिन आणि त्याचे धाकटे भावंड मेथोट्रेक्सेट ही दोन्ही त्या आम्लाची हुबेहूब सोंगे. खोटी किल्ली कुलपात अडकून बसली की खरीही आत जात नाही, तशी पेशीची अवस्था होते.

यापुढचा अध्याय वनस्पतींचा आहे आणि तो अंगणातूनच सुरू होतो. सदाफुली, जिला सुरतेचे शेजारी बारमासी म्हणतात, ती मधुमेहावर गुणकारी असल्याच्या लोकसमजुतीची परीक्षा घेताना कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांना १९५८ च्या सुमारास वेगळेच काही सापडले. प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरली नाही. पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन हाती आले आणि पाठोपाठ अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिन निघाले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत व्हिन्क्रिस्टिन आजही लागते.

हे औषध कसे चालते ते सुरतेच्या माणसाला समजणे अवघड नाही. पेशी दुभंगताना तिच्यात अतिसूक्ष्म तंतूंची, चातीच्या आकाराची एक रचना उभी राहते. गुणसूत्रे त्या तंतूंच्या आधाराने दोन टोकांकडे ओढली जातात. काम झाले की तंतू मोडून पडतात. मागावर ताणा लागलाच नाही तर विणकाम सुरू होत नाही. सदाफुलीची औषधे हा ताणाच लागू देत नाहीत. सगळे धागे ताठ गोठून बसले, तरीही माग थांबतोच. टॅक्सॉल ते करते. तंतू बनू देते, परंतु मोडू देत नाही. एकाच यंत्राला दोन विरुद्ध बाजूंनी अडविण्याचे हे कसब निसर्गाने दोन निरनिराळ्या झाडांत ठेवले, याचे नवल वाटल्याखेरीज राहत नाही.

मनसुख वाणी यांनी मुंबई विद्यापीठाच्या पदव्या घेतल्या, पुढे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि १९६२ साली ते उत्तर कॅरोलिना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याकडे रुजू झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन राज्याच्या अरण्यातून पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीचे नमुने सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञांनी गोळा केले होते. हजारो वनस्पती तपासण्याची ती एक राष्ट्रीय योजना होती. सालीचा अर्क काढावयाचा, त्याचे भाग करावयाचे, प्रत्येक भाग पेशींवर अजमावायचा, ज्यात गुण दिसेल त्याचे पुन्हा भाग करावयाचे. असे करीत करीत त्या सालीतील अत्यल्प द्रव्य शुद्ध रूपात हाती आले. १९७१ मध्ये वाणी, वॉल व सहकाऱ्यांनी त्याची रेण्वीय रचना प्रसिद्ध केली.

तरीही औषध धूळ खात पडले. ते पाण्यात विरघळत नव्हते, साल अपुरी होती आणि ते नेमके काय करते हे कोणास ठाऊक नव्हते. १९७९ साली न्यूयॉर्कच्या सुसान हॉर्विट्झ यांनी तंतू गोठविण्याची ही तऱ्हा उघड केली, तेव्हा औषधाकडे पुन्हा लक्ष गेले. अमेरिकेत ते अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्य झाले डिसेंबर १९९२ मध्ये, आणि स्तनाच्या कर्करोगासाठी १९९४ मध्ये. सालीपासून शिरेपर्यंतचा प्रवास ३० वर्षांचा. दरम्यान झाडांवर कुऱ्हाड चालली; हिमालयातील थुनेर हा यूचाच भाऊबंद, तोही ओरबाडला गेला. पुढे यूच्या पानांतील द्रव्यापासून औषध घडविण्याची रीत निघाली, तेव्हा सालीवरचे अवलंबन सुटले.

विरघळत नाही या अडचणीवर जो तोडगा निघाला, त्याचा गुजरातशी दूरचा संबंध लागतो. टॅक्सॉल मिसळले गेले ते एरंडेलापासून बनविलेल्या एका द्रावकात, आणि देशात एरंडीचे पीक सर्वांत जास्त गुजरातेत येते. या द्रावकाचीच काहींना तीव्र ॲलर्जी होते. म्हणून बाटली लावण्याआधी स्टेरॉइड व ॲलर्जीरोधक इंजेक्शन देतात. ‘आधीच इतकी इंजेक्शने कशाला?’ असे नातेवाइक विचारतात. त्याचे उत्तर बरेचसे एरंडेलात आहे.

वॉल आणि वाणी यांचे दुसरे अपत्य कॅम्प्टोथेसिन. ते एका चिनी वृक्षातून निघाले आणि १९६६ साली प्रसिद्ध झाले. हेच द्रव्य सह्याद्रीतील नरक्या या दुर्गंधी झाडात आहे असे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखविले आणि तेव्हापासून त्या बिचाऱ्या झाडामागे चोरटी तोड लागली. कॅम्प्टोथेसिनचे काम पिळाशी निगडित आहे. डीएनएची नक्कल होताना त्याच्या दोरीचा पीळ पुढे पुढे साचत जातो. अति पीळ पडलेला धागा कसा गुंडाळतो ते सूत पिळणाऱ्या कारखान्यात पाहावे. पेशीतील एक विकर त्या दोरीचा एक पदर कापते, पीळ सोडविते आणि पदर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन त्या विकराला कापल्यानंतर व सांधण्यापूर्वी पकडून ठेवते. पहिल्या चाचण्यांत मूत्राशयातून रक्तस्राव, जुलाब, घसरलेल्या रक्तपेशी असे इतके हाल झाले, की ते सोडून द्यावे लागले. रेणूत फेरफार करून घडविलेली आयरिनोटेकन आणि टोपोटेकन ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आयरिनोटेकन आज सर्रास दिले जाते.

आता दुष्परिणामांकडे. केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा, येथील निरोगी पेशी सदोदित दुभंगत असतात. म्हणूनच केस गळतात, तोंड येते, जुलाब होतात आणि रक्तपेशी घटतात. केस जाण्याचे दुःख सर्वांत मोठे मानले जाते, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत; लग्नकार्यात जाणे टळते, शेजारणींसमोर येणे टळते. ते दुःख हसण्यावारी नेऊ नये. परंतु केस उपचार संपल्यावर काही महिन्यांत बहुधा परत येतात, आणि जीवाला धोका त्यांच्यामुळे नसतो. धोका असतो तो न दिसणाऱ्या ठिकाणी. औषध दिल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि साधा जंतूही घातक ठरू शकतो. या दिवसांत ताप १०० च्या वर, १००.४ अंश फॅरनहाइटला पोहोचला, की ती तातडीची वेळ समजावी. क्रोसीनची गोळी देऊन सकाळची वाट पाहण्यात मोलाचे तास जातात. सुरतेतील अनेक रुग्ण पहाटेची फ्लाइंग राणी गाठून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, १९४१ पासून चालत आलेल्या त्या आधारस्थानी, औषध घेऊन परततात. त्यांना ताप आला तर मुंबईची गाडी पाहायची नाही. उपचाराचे कागद हाती घेऊन जवळच्या इस्पितळात त्याच रात्री जावयाचे.

उलटीचे भय पूर्वी फार होते. प्लॅटिनम धातूपासून बनलेले सिस्प्लॅटिन त्या बाबतीत कुप्रसिद्ध. १९९० च्या दशकात ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधे रूढ झाल्यावर ते बरेच आटोक्यात आले. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना आणि श्रवणशक्तीलाही त्रास देते, त्यामुळे सोबत सलाइन भरपूर चढवितात. लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन हृदयावर भार टाकते. त्याची आयुष्यभराची एकूण मात्रा मोजून ठेवावी लागते. टॅक्सॉल आणि व्हिन्क्रिस्टिन यांच्या रुग्णांना बोटांत मुंग्या येतात, सदऱ्याचे बटण लावणे कठीण होते, कारण लांबलचक मज्जातंतूंतही तेच सूक्ष्म तंतू असतात. ही तक्रार वेळीच सांगितली तर मात्रा कमी करता येते. मुकाट सोसण्याची आपल्याकडील सवय येथे नडते.

दोन मात्रांमध्ये बहुधा २१ दिवसांचे अंतर ठेवतात ते निरोगी पेशींना सावरण्यासाठी. त्या कर्कपेशींपेक्षा लवकर सावरतात, एवढ्याच फरकावर सगळी मदार असते. बरे वाटले म्हणून चौथ्या खेपेनंतर उपचार सोडणारे रुग्ण ही मदारच काढून घेतात. मुलांचा रक्ताचा कर्करोग, लसिकाग्रंथींचे काही कर्करोग, पुरुषांचा वृषणाचा कर्करोग हे प्रामुख्याने याच औषधांनी कायमचे बरे होऊ शकतात. स्तनाच्या वा आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेच्या आधी किंवा नंतर औषध देऊन रोग उलटण्याची शक्यता घटविली जाते. फार पसरलेल्या रोगात हेतू बदलतो; आयुष्य काही महिन्यांनी लांबावे, वेदना कमी व्हाव्यात, इतकाच. हेतू कोणता, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि डॉक्टरांनीही ते स्पष्ट सांगावे. घरातील सर्वांना ठाऊक आणि केवळ रुग्णालाच नाही, ही रीत अनेक घरांत अजून चालते. ती दयेपोटी असली तरी रुग्णाचा निर्णय हिरावून घेते.

तंबाखू-गुटख्यापायी होणारा तोंडाचा कर्करोग या भागाला परका नाही. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या अशा रुग्णांवर टाटा स्मारक रुग्णालयात झालेली एक चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ४२२ रुग्णांपैकी काहींना शिरेतून सिस्प्लॅटिन दिले, इतरांना घरी घ्यावयाच्या मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब यांच्या स्वस्त गोळ्या. गोळ्यांच्या गटाचे मध्यम आयुर्मान साडेसात महिने भरले, सिस्प्लॅटिनच्या गटाचे सहा महिन्यांहून किंचित अधिक; गंभीर त्रासही गोळ्यांनी कमी झाला. दीड महिन्याचा लाभ कोणास क्षुल्लक वाटेल. ज्या कुटुंबाला दर खेपेस मुंबईचे भाडे आणि बुडालेला रोज मोजावा लागतो, त्याला तो वाटणार नाही. सुब्बाराव यांच्या पिढीचे औषध असे सत्तर वर्षांनी गरिबाच्या उपयोगी आले.

‘डॉक्टरी विष नको, झाडपाला बरा’ असे म्हणून जे उपचार सोडतात, त्यांना सदाफुली, यू आणि नरक्या यांची ही हकीकत सांगण्याजोगी आहे. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन निघते, आणि प्रौढ माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमहून जास्त दिले जात नाही. काढ्याच्या पेल्यात किती विष आले आणि किती गुण, हे सांगणारा तराजू कोणत्याही घरी नसतो.

मनसुख वाणी एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत निवर्तले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, स्तनाच्या कर्करोगासाठी तेथे एक नवे औषध मान्य झाले होते. त्यात कर्कपेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाच्या पाठीवर विष लादून त्या पेशीच्या दारापर्यंत नेले जाते. ते विष कॅम्प्टोथेसिनच्याच वंशातले आहे. त्याची किंमत अजून सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे, आणि त्यानेही केस गळतात, उलट्या होतात, पांढऱ्या पेशी घटतात. बाटली लावण्यापूर्वी परिचारिका आजही रुग्णाला वजनकाट्यावर उभे करते आणि आलेला आकडा कागदावर लिहून घेते.