बिऱ्हाड हलवताना

‘नाशिकला घर घेऊ का हो?’ असं मला ओळखीपाळखीतलं कोणी ना कोणी अधूनमधून विचारतं. विचारणारे बहुधा मुंबईचे असतात. घरांच्या किमतींमुळे डोंबिवली, बदलापूर असे सरकत गेलेले आणि लोकलच्या दगदगीला कंटाळलेले. मी त्यांना आमच्याच बिऱ्हाडाची गोष्ट सांगतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. माझे वडील त्यांतलेच एक. वीस वर्षं साचेखात्यात विणकर. दोन वर्षांत आईचे दागिने मोडले, वाण्याची उधारी वाढली. मी तेव्हा नुकताच आयटीआय करून टर्नर झालो होतो. नाशिकहून मामाचं पत्र आलं : ‘लेथवर हात चालणारा मुलगा इथे घरी बसून राहत नाही. निघून ये.’

मामाचं म्हणणं खरं होतं. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने सातपूरला आणि पुढे अंबडला वसाहत उभारली होती. मोटारींचे सुटे भाग, विजेची उपकरणं यांचे मोठे कारखाने आणि त्यांना माल पुरवणारी लहान वर्कशॉप्स तिथे होती. ओझरला विमानांचा कारखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. १९८४ साली आम्ही आलो आणि महिनाभरात मला काम मिळालं. सिडकोत भाड्याने दोन खोल्या घेतल्या. लालबागला एका खोलीत आम्ही सहा जण राहत होतो. इथे स्वतःचं नहाणीघर होतं! आई पहिले दोन दिवस नुसती नळाचं पाणी सोडून बघत होती.

आता वडिलांचं सांगतो. माझ्या हाताला नाशिकमध्ये किंमत होती, त्यांच्या हाताला नव्हती. तिकडे मालेगावात यंत्रमाग खडखडत होते, पण सातपूरला त्यांच्यासाठी साचा नव्हता. शेवटी एका वर्कशॉपच्या फाटकावर ते रखवालदार म्हणून उभे राहिले. लालबागच्या खोलीची किल्ली मात्र त्यांनी सोडली नाही. दर महिन्याला मनीऑर्डरने तिचं भाडं जायचं. ‘एकाच पगारात दोन घरं कशाला?’ म्हणून मी चिडायचो. ते काहीच बोलायचे नाहीत. १९८७ साली बहिणीच्या लग्नासाठी पैसे हवे होते, तेव्हा ते स्वतः मुंबईला जाऊन खोली सोडून आले. रात्री पंचवटी एक्स्प्रेसने परतले, हातपाय धुतले आणि न जेवताच झोपले. ती किल्ली म्हणजे त्यांची वीस वर्षांची नोकरी होती, हे मला त्या रात्री कळलं.

म्हणून मला विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, ‘घरात कामाचे हात किती, आणि त्यांतल्या कितींना इथे काम आहे?’ नवऱ्याला अंबडला नोकरी लागली, पण बायकोची मुंबईतली बँकेतली नोकरी सुटली, तर स्वस्त घर खरोखर स्वस्त पडलं का, हे कागदावर मांडून बघावं. पंचवटीचा पास काढून रोज मुंबई गाठणारेही इथे आहेत. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडायचं आणि रात्रीच घरी यायचं. पण जाण्या-येण्याचे सात-आठ तास घरभाड्यातच धरायला हवेत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यामुळे मुंबई जवळ आली खरी, पण गाव जवळ आलं की तिथल्या जागांचे भावही चढू लागतात.

दुसरं असं, की एकाच कारखान्याच्या भरवशावर कर्ज काढू नये. मोठ्या कारखान्याच्या मागण्या घटल्या, की आधी लहान वर्कशॉपच्या पाळ्या बंद होतात. २०१९ साली वाहन उद्योगात मंदी आली, तेव्हा हे पुन्हा दिसलं. हातातलं कौशल्य दुसऱ्या दारातही चालेल का, हे आधी पाहावं. आणि एक वर्ष तरी भाड्याने राहावं. उन्हाळ्यात पाणी किती येतं, पावसात रस्ता कसा राहतो, मुलांची शाळा किती लांब, हे दलालाबरोबर घर बघताना तासाभरात कळत नाही.

नाशिकने आम्हाला पोटभर दिलं. माझी मुलं इथेच शिकली. मी कोणाला ‘येऊ नका’ म्हणत नाही. एवढंच सांगतो, की घर बघायला याल तेव्हा ज्यांना इथे नोकरी मिळणार नाही, त्यांनाही बरोबर आणा. त्यांना दिवसभर इथे काय करता येईल, ते त्यांनाच विचारा. आम्ही वडिलांना विचारलं नव्हतं.