गाऱ्हाण्याची वाट

इसवी सन १८५२ हें वर्ष मुंबई इलाख्याच्या इतिहासांत दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत मुंबईस ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिनें येथील प्रजेचीं गाऱ्हाणीं अर्जाच्या रूपानें थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे धाडलीं. त्याच वर्षीं खानदेशांत सावदा-फैजपूर भागांतील शेतकरी नव्या जमीनमोजणीविरुद्ध उठले, व सरकारनें तेथें फौज पाठविली. शेतकऱ्यांचें दुःख मुंबईकरांच्या दुःखाहून कमी खरें होतें असें नव्हे. पण तें ऐकून उत्तर देण्यास जी बांधलेली आहे अशी एकही जागा त्यांना ठाऊक नव्हती. लोकराज्यांत ती जागा विधिमंडळाची होय.

विधिमंडळ म्हटलें कीं डोळ्यांपुढें येतें तें सभागृह, तेथील भाषणें आणि खडाजंगी. परंतु महाराष्ट्राच्या विधानसभेंत २८८ सदस्य आहेत आणि अधिवेशनाचे दिवस मोजके. एवढ्या मोठ्या सभेला एकेक हिशेब तपासणें किंवा एकेका अधिकाऱ्यास प्रश्न विचारणें शक्य नाहीं. तें काम समित्या करतात. खर्च झालेल्या पैशाचा जाब लोकलेखा समिती घेते; केंद्रांत अशी समिती १९२१ सालींच अस्तित्वांत आली. पंचायती राज समिती जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन जिल्हा परिषदांचा कारभार पाहते. आश्वासन समितीचें काम तर मोठें मार्मिक आहे. ‘चौकशी करण्यांत येईल’ असें मंत्री सभागृहांत बोलून जातात. तें वाक्य ही समिती टिपून ठेवते आणि पुढें विचारते, ‘चौकशी झाली काय?’ लोकसभेंत अशी समिती १९५३ पासून आहे, व तेथें आश्वासन पुरें करण्यास तीन महिन्यांची मुदत असते.

आतां सामान्य माणसाचें गाऱ्हाणें या समित्यांपर्यंत पोंचतें कसें, हें पाहण्यासाठीं जळगाव शहरालगतचें मेहरूण घ्यावें. तलावासाठीं आणि गोड बोरांसाठीं तें साऱ्या खानदेशांत प्रसिद्ध आहे. समजा, तेथील एका रहिवाशाच्या दारापुढील गटार तुंबलें. त्यासाठीं विधिमंडळाकडे धांव घेणें व्यर्थ. तें काम महानगरपालिकेचें. जमिनीच्या कागदावरील नोंद अडून राहिली, तर तहसील कचेरी आहे. तेथेंही दाद लागली नाहीं, तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं जिल्हाधिकाऱ्यांपुढें लोकशाही दिन भरतो. एखाद्या अधिकाऱ्यानें अन्याय केला असें वाटलें, तर लोकायुक्तांचा दरवाजा आहे. १९७१ च्या कायद्यान्वयें १९७२ मध्यें ही संस्था महाराष्ट्रांत सुरू झाली.

परंतु प्रश्न एका घरचा न राहतां साऱ्या वस्तीचा, किंवा नियमच चुकीचा असल्याचा असेल, तर विनंती अर्ज समितीची वाट धरावी. अर्ज सभागृहास उद्देशून, सभ्य भाषेंत, सही व पत्ता घालून लिहावा आणि आमदारामार्फत सादर करावा. जो वाद न्यायालयापुढें आहे तो येथें चालत नाहीं. अर्ज दाखल झाला कीं समिती खात्याचा खुलासा मागवते, प्रसंगीं सचिवांस समोर बसवून विचारते, आणि आपला अहवाल सभागृहापुढें ठेवते.

समितीच्या हातीं हुकूम नाहीं, केवळ शिफारस आहे, आणि तिच्या अहवालावर सभागृहांत चर्चा क्वचितच होते. हा दोष लहान नव्हे. कित्येक अर्ज मुंबईस पोंचेपर्यंत अर्जदाराचा धीर सुटतो. तरीसुद्धां ज्या खात्यानें मेहरूणच्या माणसास कचेरीच्या पायरीवरून परत लावलें असेल, त्याच खात्यास समितीपुढें लेखी उत्तर द्यावें लागतें. तें उत्तर दप्तरीं राहतें. उद्यां तेंच सरकारपुढें धरतां येतें.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नें प्रत्येक व्यक्तीस आपलें गाऱ्हाणें राज्यांत वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेंत मांडण्याचा हक्क दिला आहे. अहिराणी बोलणाऱ्या खानदेशी माणसास तेव्हां मोठ्या शब्दांची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. केव्हां, कोठें, कोणत्या कचेरींत काय घडलें आणि कोणती दाद हवी, एवढें त्यानें सरळ लिहावें. अर्जाची नक्कल जपावी आणि पोच घेतल्यावांचून खिडकीपासून हलूं नये. १८५२ च्या शेतकऱ्याच्या हातीं जें नव्हतें, तें त्या पोचेच्या चिठोऱ्यांत आहे: ज्याला उत्तर द्यावें लागेल त्याची सही.