उच्चार चुकले तर हस
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मध्यंतरी मुलीने मला 'एस्पेरांतो देस्पेरादो' या डेन्मार्कच्या बँडची गाणी ऐकवली. 'स्का-व्हायरस' हा त्यांचा १९९८ चा अल्बम. वादक निरनिराळ्या देशांतले, गाण्यांची भाषा मात्र एस्पेरांतो. डॉ. झामेनहॉफ यांनी ती १८८७ साली वॉर्सात प्रसिद्ध केली. मूळ नियम अवघे सोळा. प्रत्येक नाम 'ओ'ने संपतं, शब्दातला जोर नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर. जवळजवळ सगळ्यांनीच ती शिकून घेतलेली. मग उच्चारावरून कोण कुणाला हसणार?

ऐकताना मला आपला आठवीचा वर्ग आठवला. माझ्या बाकावरचा मित्र अहिराणी वळणाचं मराठी बोलायचा. मी त्याची नक्कल करून तुम्हा सगळ्यांना हसवायचो. पुढे वर्षभर तो कविता म्हणायला उभा राहिला नाही. त्याचा गळा किती गोड, हे आपल्याला सहलीच्या गाडीत कळलं होतं.

तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. मित्रा, चुकलं माझं. जेवणं झाल्यावर एक अहिराणी गाणं म्हण. आम्ही मागून म्हणू. उच्चार चुकले, तर या वेळी तू हस.