टीव्हीवरचा प्रयोग आणि आमची हळद

शेतातनं नुकत्याच आला असाल, चूल पेटवायची असेल, तर हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज बोलायचंय टीव्हीबद्दल, पण मालिकांबद्दल नाही. ते पांढरा कोट घालून काचेच्या भांड्यात काहीबाही ओततात ना, आणि रॉकेट उडताना दाखवतात, त्याबद्दल. सुरुवात मात्र आमच्या गटाच्या हळदीपासून करावी लागेल.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या गटाने हळद केली. सांगलीच्या पेठेतनं हळकुंडं आणली, निवडली, वाळवली, गावातल्या कांडप यंत्रावर दळली आणि पाव पाव किलोची पाकिटं भरली. पैसा गटाच्या कर्जातला, म्हणजे व्याज चालू. पहिले दोन बाजार झकास गेले. तिसऱ्या बाजाराला एक ताई पाकीट घेऊनच आल्या. म्हणाल्या, "तुम्ही बायाबायाच असं फसवायला लागलात तर कुणाकडे बघायचं? हळदीत रंग घातलाय तुम्ही." त्यांनी टीव्हीवर एक कार्यक्रम बघितला होता. हळदीवर साबणाचं पाणी टाकलं, हळद लालभडक झाली, आणि सांगणारा म्हणाला, बघा ही भेसळ. ताईंनी घरी तसंच करून बघितलं, आणि आमची हळद लाल झाली.

संध्याकाळपर्यंत आणखी तीन पाकिटं परत आली. पुढच्या बाजाराला तर आमच्यासमोर कुणी थांबेना. गावाकडे बातमी कशी पसरते ते तुम्हाला सांगायला नको.

खरं सांगतो, आम्हीसुद्धा घाबरलो. टीव्हीवाला खोटा असेल असं आमच्या डोक्यातच आलं नाही. व्यापाऱ्यानेच हळकुंडांना काही लावलं असेल काय, अशी शंका आली. दोघीजणी म्हणाल्या, पैसे परत देऊ आणि हे बंद करू. बैठकीत तास दीड तास हेच चाललं. आमच्या गटात सगळ्यात थोरल्या आक्का आहेत, त्या फारशा बोलत नाहीत. त्या शेवटी एवढंच म्हणाल्या, "अगं पोरींनो, कुंकू कशाचं करतात?"

सगळ्या गप्प. हळदीला चुना लावला की कुंकू होतं, हे आपल्यातल्या कुणाला माहीत नाही? अंगावर हळद लागलेली साडी साबणात घातली की डाग लाल होतो, हे लग्नघरातल्या प्रत्येक बाईने बघितलंय. तरी टीव्हीवर कोट घातलेल्या माणसाने सांगितलं म्हणून आम्ही डोळ्यांदेखतचं विसरलो होतो.

मग लगेच आक्कांच्या घरच्या वाफ्यातलं हळकुंड आणलं. त्यात भेसळ असायचा प्रश्नच नव्हता. सहाणेवर उगाळलं, साबणाचं पाणी टाकलं, लाल. वरून लिंबू पिळलं, परत पिवळं. हळदीत कर्क्युमिन नावाचा रंग असतो, तो साबण, चुना, पापडखार अशा क्षाराने लाल होतो आणि आंबटाने पुन्हा पिवळा होतो. म्हणजे त्या प्रयोगाने हळद ही हळद आहे एवढंच कळतं. भेसळ आहे की नाही याचा त्यातून काही पत्ता लागत नाही. टीव्हीवाल्याने शेजारी दुसरी वाटी ठेवून त्यात चोख हळद घेतली असती, तर त्याचं त्यालाच कळलं असतं.

भेसळ बघायची सोपी रीत अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच दिलेली आहे. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकायची आणि न हलवता ठेवायचं. चांगली हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं होतं, रंग घातलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं. ही आम्ही केली, ठीक निघाली. पण काही भेसळ घरी कळत नाही. शिशाचा पिवळा रंग, लेड क्रोमेट, मिसळला असेल तर ते प्रयोगशाळाच खात्रीने सांगू शकते. आणि शिसं लेकरांच्या मेंदूला घातक, त्यामुळे 'आमची हळद चांगलीच आहे' असं नुसतं तोंडाने म्हणणं आम्हाला पटेना. एक पाकीट फी भरून तपासायला दिलं. अहवाल चांगला आला, पण दिवाळी झाल्यावर आला. त्या हंगामात नफा म्हणून काही हाती राहिलं नाही. कर्जाचे हप्ते मात्र भरले. पुढच्या बाजारापासून आम्ही पाकिटांशेजारी दोन वाट्या, साबणाचा तुकडा आणि लिंबू ठेवायला लागलो. पाकीट परत करणाऱ्या चौघींपैकी दोघी आता पुन्हा आमच्याकडूनच नेतात. पहिल्या ताई अजून आल्या नाहीत.

तेव्हापासून टीव्हीवर काही दाखवलं की आमच्या बैठकीत कुणीतरी विचारतंच, "दुसरी वाटी कुठाय?"

अर्थात प्रश्न विचारायची सवय त्याच्याही आधीची आहे म्हणा. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान ३ उतरायचं होतं, तेव्हा आम्ही बैठक समाजमंदिरात घेतली, तिथे टीव्ही आहे. वीज जाते की काय याचीच धाकधूक. पावणेसहाला यान खाली यायला लागलं आणि सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम लँडर टेकलं. टाळ्या, शिट्ट्या, पोरं बाकांवर चढली. कल्पना कालाहस्ती या मोहिमेच्या सहप्रकल्प संचालक, त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा आमच्यातल्या दोघींचे डोळे भरून आले. मग शेजारच्या आजी म्हणाल्या, "ते उतरताना दिसलं, पण बाहेरून त्याचा फोटो काढत कोण होतं?"

पोरं हसली. पण आजींचा प्रश्न अगदी बरोबर होता. तिथे बाहेरून बघणारं कुणीच नव्हतं. यानाकडून उंची, वेग यांचे आकडे येत होते आणि त्यावरून संगणक चित्र हलवत होता. यानाच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेली खरी छायाचित्रं नंतर आली. टीव्हीवाल्यांनी कोपऱ्यात 'हे चित्र संगणकाने काढलेलं आहे' एवढं ठळक लिहायला काय हरकत होती? ते लिहीत नाहीत, मग एखादा उठतो आणि म्हणतो, सगळं खोटं आहे, स्टुडिओत केलंय. चित्र काढलेलं होतं, उतरणं खरं होतं, या दोन गोष्टी वेगळ्या करून कुणी सांगत नाही.

त्याच मोहिमेतली एक बातमी फार कमी दाखवली गेली, आणि आम्हाला तीच सगळ्यात आवडली. यानावर एक तापमान मोजणारी सळई होती, दहा सेंटीमीटरपर्यंत जमिनीत जाणारी. चंद्राच्या पृष्ठभागावर ५० अंशांच्या आसपास ऊन आणि फक्त आठ सेंटीमीटर खाली उणे १० अंशांच्या आसपास गारठा. आठ सेंटीमीटर म्हणजे आपली जेमतेम चार बोटं! वर भाकरीच्या तव्याजवळची धग आणि चार बोटं खाली बर्फ. हे कसं? तर तिथली माती बारीक भुकटी, आणि मध्ये हवासुद्धा नाही, त्यामुळे वरची उष्णता खाली झिरपतच नाही. आपण रात्री निखारे राखेत पुरून ठेवतो आणि पहाटे उकरले की ते लालच असतात. राख उष्णता सहजासहजी जाऊ देत नाही, तसंच हे. आमच्या आयांना ही गोष्ट ठाऊक होती, फक्त ती चंद्रावरही लागू पडते हे ठाऊक नव्हतं.

२०२५ च्या जूनच्या अखेरीस शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात गेले, तेव्हा बातम्यांत गाजराचा हलवा आणि आमरस नेल्याचंच जास्त दाखवलं. त्यांनी तिथे मूग आणि मेथीला मोड आणले, ते ओझरतं. ते ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "एवढा खर्च करून मोडच काढायचे तर आम्हाला न्यायचं होतं." पण तिथे वजन लागत नाही, वर-खाली काही नाही, मग मुळाने जायचं कुठे? त्या बिया परत आणून पुढच्या पिढ्या वाढवून बघायच्या, त्यांच्या गुणांत काही फरक पडतो का ते तपासायचं, असा तो प्रयोग. तुम्ही घरी करून बघा. मोड आलेला एक मूग ओल्या फडक्याच्या आधाराने काचेच्या पेल्याच्या कडेला लावा आणि पेला आडवा ठेवा. एक-दोन दिवसांत मूळ वळून खालीच तोंड करतं. ते का वळतं, हे पोरांना विचारा.

शेवटी एक घरातली गोष्ट. ७ सप्टेंबर २०२५ ला खग्रास चंद्रग्रहण होतं. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालं, अकरा ते साडेबारापर्यंत चंद्र तांबडा, आणि दीडच्या आसपास सुटलं. आमच्या गटातल्या एका काकूंची सून सात महिन्यांची. एका वाहिनीवर दुर्बिणीतून थेट चंद्र दाखवत होते, दुसऱ्या वाहिनीवर कोणत्या राशीला काय भोगावं लागेल ते. काकूंनी दुसरीच लावलेली. दुपारपासून सुनेला अन्नपाणी नाही, विळीला हात नाही, हलायचं नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो म्हणे.

आम्ही दोघीतिघी गेलो. भांडायला नाही गेलो, कारण काकूंची सुनेवर माया आहे, आणि भीतीही त्या मायेपोटीच. आम्ही म्हटलं, काकू, हे ग्रहण अर्ध्या जगात दिसतंय, आफ्रिकेत, चीनमध्ये, ऑस्ट्रेलियात लाखो गरोदर बाया आत्ता जेवतायत, कामं करतायत. ती दुसरी वाटीच समजा. ओठ फाटण्यामागे घराण्यातला दोष असू शकतो, सुरुवातीच्या महिन्यांत फॉलिक ॲसिड कमी पडणं असू शकतं. आणि तो ओठ शस्त्रक्रियेने नीट होतो. तुमच्या पंचांगातसुद्धा गरोदर बायकांना वेधात सवलत लिहिलेली असते, काढून बघा.

पंचांगाचं म्हटल्यावर काकूंनी खरंच पंचांग काढलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. मग सुनेला भात-आमटी वाढली, तांब्याभर पाणी दिलं. विळी मात्र उचलून माळ्यावर ठेवली आणि आम्हाला म्हणाल्या, "एवढं तरी माझं राहू द्या." आम्ही राहू दिलं. अकरा वाजता अंगणात जाऊन आम्ही सगळ्यांनी साध्या डोळ्यांनी चंद्र बघितला, चंद्रग्रहण तसं बघायला काही धोका नसतो, सूर्याचं तसं नाही. सून दाराच्या आतच खुर्चीवर बसली होती. थोड्या वेळाने काकूच म्हणाल्या, "ये गं, तूही बघ, तांब्यासारखा झालाय."